पाण्याचा आप्त कोण? जालन्याच्या नळाचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांचे फोन आले. सर, तुम्ही आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलंत, आता नळाच्या पाण्यावर काय बोलणार? आम्ही म्हटलं, या तर खरं. न्यायदर्शनात पाणी जितक्या वेळा येतं तितकं दुसऱ्या कुठल्या शास्त्रात येत असेल असं वाटत नाही. ते कसं, हे पुढं सांगतो. आधी इतिहास.

"जालना सोने का पालना" ही म्हण इथल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. व्यापाराचं गाव, पैसा खेळता. पूर्वी कापूस आणि तेलबिया, नंतर बियाणं, आता लोखंडी सळई. पण या सोन्याच्या पाळण्याला पाणी कुठून मिळत होतं, हे विचारलं तर आपल्यातले बहुतेक जण थेट जायकवाडीचं नाव घेतात. त्याच्या आधीचं काही आठवतच नाही. शहराची स्मरणशक्ती पाण्याच्या बाबतीत फार तोकडी असते, हा आमचा अनुभव आहे.

औरंगाबाद जिल्ह्याचं गॅझेटियर काढून बघा. जालना तेव्हा त्या जिल्ह्यातला एक तालुका होता, स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्या गॅझेटियरमध्ये जमशेदखानाचा उल्लेख येतो. काळी मशीद त्याचीच. या जमशेदखानाने गावाच्या पश्चिमेला मोती तलाव बांधला, आणि नुसता तलाव बांधून तो थांबला नाही. तलावातून जमिनीखालून नळ टाकले, ठिकठिकाणी हौद केले आणि गावात पाणी खेळवलं. शेजारी औरंगाबादला मलिक अंबरची नहर आपल्याला माहीत असते, पाणचक्की दाखवायला आपण पाहुण्यांना नेतो. पण जालन्यालाही जमिनीखालची नळयोजना होती हे जालनेकरांनाच ठाऊक नसतं. गॅझेटियर असंही सांगतं, की भरभराटीच्या काळात गावात पाच तलाव होते, त्यातले दोनच उरले, आणि ती जुनी नळयोजना नादुरुस्त होऊन पडली. १७२५ साली निजाम-उल-मुल्क असफजाहच्या काळात किल्ला उभा राहिला, त्यातल्या मस्तगडात एक मोठी विहीर आहे, आत सज्जे आणि खोल्या असलेली. म्हणजे तलाव, हौद, विहीर, शिवाय वाड्यावाड्यांतले आड. गावाचं पाणी गावातच होतं.

आता इथं थोडं थांबू या. या व्यवस्थेत पाणी चांगलं की वाईट हे माणसाला कळायचं कसं? तर डोळ्यांनी, नाकाने, जिभेने. हौदावर शेवाळ आलं की दिसायचं. आडात काही पडलं की वास यायचा. "या आडाचं पाणी जड आहे, डाळ शिजत नाही" हे आमची आजी घोटभर पिऊन सांगायची. डाळ न शिजणारं पाणी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं कठीण पाणी, हे आम्हाला पुढं शाळेत कळलं. आजीला ते चुलीवरच कळलं होतं. आपल्या दर्शनांच्या भाषेत हे प्रत्यक्ष प्रमाण.

मात्र हा काळ फार सुंदर होता असं कृपा करून समजू नका. पटकीने गावंच्या गावं ओस पडत, आणि पटकीचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नोने ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवतीच्या मृत्यूंचा हिशोब मांडला, तेव्हा त्या पंपाचं पाणी दिसायला तसं बरंच होतं. आणि दुसरं म्हणजे, आड आणि हौद गावात असले तरी ते गावातल्या सगळ्यांचे नव्हते. जोतिरावांना १८६८ साली स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, बाबासाहेबांना १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. पाणी जवळ होतं, पण हात लावायची मुभा नव्हती. तेव्हा जुन्या पाण्याबद्दल बोलताना उसासे टाकायचे नाहीत, एवढं पथ्य आम्ही पाळतो.

पुढचा टप्पा घाणेवाडीचा. हैदराबाद संस्थानात १९०८च्या मुसी नदीच्या महापुरानंतर मोठ्या जलाशयांचं युग सुरू झालं. उस्मानसागर, हिमायतसागर ही त्याची मोठी फळं. त्याच वाऱ्यात, १९३०च्या दशकात, जालन्यासाठी कुंडलिका नदीवर घाणेवाडीचा जलाशय झाला. त्याची खुबी अशी, की तो शहरापेक्षा उंचावर आहे. पाणी उताराने आपोआप गावात येतं. पंप नको, वीज नको. आज महिन्याच्या महिन्याला पाण्याच्या पंपांचं वीजबिल भरताना नगरपालिकांची जी दमछाक होते ती बघितली, की त्या अभियंत्यांना हात जोडावेसे वाटतात. पण पाणी गावाबाहेर गेलं. जालनेकर घाणेवाडीला सहलीला जात असत, तलाव भरला की बघायला जात असत. म्हणजे अजून डोळ्यांचा संबंध होता, रोजचा नव्हे, सणावाराचा.

मग शहर वाढलं. २०११च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या २,८५,५७७ होती. घाणेवाडी गाळाने भरत गेला. मधल्या काळात शहागडहून गोदावरीचं पाणी आणण्याची योजना झाली. आणि २०१२-१३चा दुष्काळ आला. १९७२चा दुष्काळ आम्ही ऐन विशीत पाहिला. तो अन्नाचाही होता, मिलो खाऊन काढला. २०१२-१३चा निव्वळ पाण्याचा होता. दुकानात धान्य होतं, नळाला थेंब नव्हता. घाणेवाडी कोरडा पडला. शहर टँकरवर जगलं. त्या सुमारासच जायकवाडीहून अंबडमार्गे जालन्याला येणारी जलवाहिनी पुरी झाली.

जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी आणि उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते २४ फेब्रुवारी १९७६ रोजी. धरण शेतीसाठी म्हणून मागितलं गेलं होतं. आज ते मराठवाड्यातल्या शहरांचं आणि कारखान्यांचं पिण्याचं भांडं झालं आहे. पैठण ते जालना सरळ रेषेत साठ किलोमीटरांच्या पुढे. शिवाय जलाशयाची पूर्ण पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटरच्या आसपास, आणि जालना साधारण ५०० मीटरवर. पाणी उताराने येत नाही, चढवावं लागतं. वीज गेली, पंप बिघडला, वाटेत वाहिनी फुटली, की नळ कोरडा. शिवाय धरण भरायचं तर ते वरच्या नाशिक-नगरच्या धरणांवर अवलंबून. त्यासाठी २००५चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, कोर्टकचेऱ्या, आंदोलनं, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता हे चित्र एकत्र बघा. मोती तलाव, घाणेवाडी, शहागड, पैठण. दर टप्प्यावर पाणी लांब गेलं. उपाय नव्हता, ते जाणारच होतं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट हातची गेली, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पिणाऱ्याला आपल्या पाण्याबद्दल स्वतः काही जाणून घेण्याचं साधन उरलं नाही. नळातून येतं ते कुठून आलं, कधी निघालं, त्यात कुणी काय घातलं, किती घातलं, हे त्याला दिसत नाही. त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं.

इथं आम्ही आमच्या शास्त्रावर येतो. न्यायदर्शनात चार प्रमाणं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हं. मराठीत तो अर्थ नंतर चिकटला. आप्त कोण, तर ज्याने ती वस्तू स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायनाने पुढं जे म्हटलंय ते फार मोलाचं आहे. ही खूण ऋषीला लागू पडते, आर्याला लागू पडते आणि म्लेंच्छालाही तितकीच लागू पडते. म्हणजे आप्त हा जन्माने किंवा पदाने ठरत नाही. खुर्चीवर बसला म्हणून कुणी आप्त होत नाही. दोन अटी पुऱ्या कराव्या लागतात: जाणलं पाहिजे, आणि लपवता कामा नये.

दुसरी गोष्ट. आपल्याला झालेलं ज्ञान खरं की खोटं हे कसं ठरवायचं? नैयायिक सांगतात, त्या ज्ञानावर विसंबून कृती करून बघा, सफल झाली तर ज्ञान खरं. आणि याचं नेहमीचं उदाहरण कुठलं? पाण्याचं! लांबून पाणी दिसलं. गेलो, प्यालो, तहान भागली. ज्ञान खरं होतं. गेलो आणि वाळू निघाली. ते मृगजळ होतं. तीस वर्षं आम्ही हे उदाहरण वर्गात दिलं. निवृत्तीनंतर एकदा लक्षात आलं, की नळाच्या पाण्याला ही कसोटी लावताच येत नाही. नासलेल्या पाण्यानेही तहान भागते. नायट्रेटचं घ्या. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या बसाल्ट खडकातल्या विहिरी-बोअरमध्ये खतं आणि सांडपाणी झिरपून नायट्रेट वाढतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळलं तरी ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. त्याहून जास्त असेल तर तान्ह्या मुलांना धोका, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. हे आईला कसं कळावं? तपासणाऱ्याने सांगितलं तरच कळणार.

म्हणून आमचं म्हणणं असं, की पाण्याचा तपासणी अहवाल आणि तक्रारीचं रजिस्टर या दोन गोष्टींना "ग्राहक सेवा" म्हणून पाणीपट्टीच्या पावतीमागे छापून टाकणं ही चूक आहे. अहवाल म्हणजे पुरवणाऱ्याचा शब्द आणि तक्रार म्हणजे पिणाऱ्याचा. स्रोत साठ किलोमीटरांवर गेल्यावर पाण्याबद्दल जे काही कळायचं ते या दोन शब्दांतूनच कळणार आहे, दुसरा रस्ता नाही.

यावर एक गोष्ट सांगतो. जालन्याची नव्हे, नोकरीच्या निमित्ताने आम्ही दुसऱ्या एका गावी राहत होतो, गावाचं नाव घेत नाही. चार-पाच दिवसांआड पाणी यायचं. "नळ आले!" अशी हाक उठली की अख्खी गल्ली जागी. एका उन्हाळ्यात पाण्याला वास येऊ लागला. आम्ही रीतसर अर्ज लिहिला, प्राध्यापकी मराठीत, दीड पान. कारकुनाने वर न बघता विचारलं, "पाणीपट्टी भरली का?" भरली होती. अर्जावर शिक्का बसला. आठ दिवसांनी चौकशीला गेलो तर रजिस्टरात आमच्या नावापुढं "निकाली" असं लिहिलेलं. कुणी गल्लीत फिरकलं नव्हतं. आम्ही विचारलं, निकाल काय लागला? तो म्हणाला, "सर, वरून पाणी चांगलंच सुटतं." तो खोटं बोलत नव्हता, बरं का. टाकीवरचं पाणी चांगलंच होतं. त्याला तेवढंच माहीत होतं.

मग शेजारच्या एका वहिनींनी काय केलं? त्यांच्या मुलीला कावीळ झाली होती. त्यांनी मुलीच्या शाळेच्या वहीत गल्लीतली घरं मांडली. कुणाच्या नळाला वास येतो, कुणाच्या येत नाही, पाणी सुटल्या सुटल्या येतो की नंतरही राहतो. शिंप्याच्या घरापर्यंत चांगलं, त्याच्या पुढच्या सगळ्या घरांत वास. मधे मोरीचं पाणी वाहून नेणारी गटार आडवी जात होती. लोकांनी वर्गणी काढून तिथं खणलं. नळाची लाइन गटारीखालून गेलेली आणि सांधा कुजलेला. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. जॉन स्नोचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मुलगी पुढं बरी झाली, पण ते वर्ष शाळेचं गेलं. आमचा दीड पानाचा अर्ज मात्र निकालीच राहिला.

यातलं तंत्र समजून घेतलं पाहिजे, कारण मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक शहराला ते लागू आहे. नळाच्या लाइनमध्ये चोवीस तास पाणी दाबाने भरलेलं असेल तर फुटलेल्या सांध्यातून पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. पण पाणी आठवड्यातून एकदा, दहा दिवसांतून एकदा सुटत असेल, तर मधल्या काळात लाइन रिकामी असते आणि बाजूच्या गटारीतली घाण सांध्यातून आत मुरते. त्यात आपण काय करतो? नळाला थेट मोटार लावतो. मोटार पाणी ओढते, त्याबरोबर घाणही ओढते. पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटं गढूळ का येतं, याचं उत्तर तिथं आहे. मग ते पाणी साठवायचं: हौद, गच्चीवरची टाकी, पिंप, घागरी. आठ-दहा दिवसांच्या साठवणीत पाण्यातलं क्लोरिन उडून जातं आणि डेंग्यूच्या डासांची सोय होते. तेव्हा शुद्धीकरण केंद्रात तपासलेलं पाणी आणि आपल्या माठातलं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावं असं मानक सांगतं. शेवटच्या टोकाला, टाकीखाली नव्हे!

सरकारी कागद या बाबतीत वाईट आहेत असं नाही, उलट चांगले आहेत. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ साली सेवांचे मापदंड ठरवले: पाणी चोवीस तास, नमुने शंभर टक्के योग्य, तक्रारींपैकी ८० टक्के चोवीस तासांत सुटलेल्या. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५चा. त्याखाली नगरपालिकांच्या सेवांची जी यादी आहे तिच्यात नवीन नळजोडणी आहे, नादुरुस्त मीटरची तक्रार आहे, दाबाची तक्रार आहे, आणि पाण्याच्या गुणवत्तेची तक्रारही आहे. म्हणजे गढूळ पाण्याची तक्रार ठरल्या मुदतीत ऐकून घेतली जाणं हा आपला कायदेशीर हक्क आहे, मुदतीत झालं नाही तर अपील आहे. या सभागृहात किती जणांना हे माहीत होतं? बघा, तीन हात. आम्हालाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. २०२३ साली जालन्याची महानगरपालिका झाली. पाटी मोठी झाली, तेव्हा हा हक्कही मोठ्या अक्षरांत लिहायला हरकत नसावी.

आणि आपण काय केलं? आपण जार घेतला. वीस लिटरचा, गारेगार. ज्याला परवडतं त्याने नळाशी नातंच तोडलं. जारवर ना तारीख, ना शिक्का, पण पाणी गार आणि चवीला गोड लागतं, म्हणून ते शुद्ध. म्हणजे आपण पुन्हा आजीच्या जिभेवर गेलो, फक्त आजीचा अनुभव मागं ठेवून. आणि बोलू शकणारी, अर्ज लिहू शकणारी माणसं जारकडे गेली, की तक्रारवहीत उरतात ती ज्यांचं कुणी ऐकत नाही अशी. आमच्या घरीही जार येतो, हे कबूल करून टाकतो. आमच्या सौभाग्यवती समोर बसल्या आहेत, लपवण्यात अर्थ नाही.

या बाबतीत खेडी शहरांच्या पुढं आहेत, असं आम्ही म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही. पण बघा. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक नावाचा माणूस असतो. तो टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी चाचणी घेतो. नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे. वर्षातून स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. २०१९च्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना तपासणी संचावर पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. हे सगळीकडे नीट चालतं असं आम्ही म्हणत नाही. कित्येक ठिकाणी पेटी कपाटात आहे आणि कार्ड कागदावर हिरवं आहे. पण कल्पना बघा. ज्या बाईने आजवर पाणी वाहिलं तिलाच पाण्याबद्दल बोलण्याचा अधिकार. वात्स्यायनाच्या दोन्ही अटी ती पुऱ्या करते. तिने स्वतः तपासलेलं असतं, आणि लपवण्याचं तिला कारण नसतं, कारण तेच पाणी तिची मुलं पिणार असतात. शहरात आपल्या गल्लीत असं कोण आहे?

जालन्याने हे करून दाखवलेलं नाही असंही नाही. घाणेवाडी जलसंरक्षण मंचाने लोकवर्गणीतून तलावातला गाळ काढला, शेतकऱ्यांनी तो स्वतःच्या वाहनांनी शेतात नेऊन टाकला. किती ट्रॉल्या गेल्या याचा हिशोब गावातली माणसं ठेवत होती. तलावाची खोली लोकांना पुन्हा डोळ्यांनी दिसू लागली. जे गाळाचं झालं ते गुणवत्तेचं का होऊ नये? आम्ही फार मोठं काही मागत नाही. प्रत्येक जलकुंभाखाली एक काळा फळा असावा, आणि त्याच्यावर रोज खडूने लिहावं: आज पाणी कुठून आलं, क्लोरिन किती, गढूळपणा किती, नमुना कुठल्या गल्लीच्या टोकावरून घेतला, तपासणाऱ्याचं नाव. खाली काल आलेल्या तक्रारी, आणि "निकाली" या शब्दाऐवजी काय सापडलं ते. एखाद्या दिवशी आकडा वाईट असेल तर वाईट लिहावा. त्या दिवशी आम्ही पाणी उकळून पिऊ, आणि दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या चांगल्या आकड्यावर विश्वास ठेवू.

वेळ संपत आली, संयोजक घड्याळ दाखवतायत. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत, त्यांच्यापासून प्रश्न घेऊ. ताई, कुठली गल्ली तुमची?